नऊ पायऱ्यांचं चित्र

रविवारी दुपारी बारा वाजून सतरा मिनिटांनी हे सुरू झालं. ही वेळ अंदाजाची नाही. फोटोखाली मोबाईलनंच ती लिहून ठेवली होती, आणि पुढच्या पाच दिवसांत विजयश्रीनं ती इतक्या वेळा वाचली की डोळे मिटले तरी आकडे दिसायचे.

तशी गोष्ट साधीच होती. मंठाळला नवऱ्याच्या मामाकडं नातवाचं जावळ होतं. औरादहून विजयश्री, तिचा नवरा व्यंकट, सासू नागूबाई आणि अडीच वर्षांची हर्षिता अशी चौघं जुन्या जीपनं निघाली. चैत्राचं ऊन. मंठाळ कोसभर राहिलं असेल नसेल, आणि जीप तापून वाफा सोडायला लागली. सडकेच्या उजव्या अंगाला नांगरून टाकलेल्या रानात एक जुनी दगडी बारव दिसत होती. व्यंकटनं मागचा कॅन उचलला.

"पाणी घिऊन येतो. इंजिन थंड झाल्याबिगर ही हलत न्हाई."

"मी बी येती," विजयश्री म्हणाली. "हर्षिताचा एक फोटो काढू. अक्काच्या घरात लावायला बरा दिसंल."

अक्का म्हणजे व्यंकटची थोरली बहीण श्रीलक्ष्मी. ती कडगंचीला विद्यापीठात कारकून होती, आणि तिथंच तिनं नवं घर बांधलं होतं. पुढच्या आठवड्यात वास्तुशांत होती. व्यंकटचं औरादच्या बसस्टँडजवळ फोटो-फ्रेमचं दुकान. घरचं दुकान असताना आहेर विकतचा कशाला न्यायचा, असं विजयश्रीच्या मनात होतं.

नागूबाई जीपमधून उतरली नाही. "बारा टळल्यात," ती म्हणाली. "लेकराला घिऊन बारवीत उतरू नगं."

"आई, बारवीतली बाई आता मोबाईल बघत पडली आसंल," व्यंकट म्हणाला. "तिला कुठं सवड हाय."

"हास तू. तीट हाय म्हणून सोडायलेय." नागूबाईनं नातीच्या डाव्या गालावरची काजळाची तीट अंगठ्यानं आणखी दाबली. मसुराएवढी, काळीभोर.

बारवेत उतरताना पहिल्यांदा कानाला जाणवलं. वर वारा होता, सडकेवरून ट्रक जात होते, रानात कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता. चार पायऱ्या खाली गेल्यावर यातलं काहीच ऐकू येईना. आपल्याच चपलांचा आवाज, तोही दगडात मुरल्यासारखा. शेवाळाचा वास होता, गार आणि जुना, माठ महिनाभर घासला नाही की येतो तसा. पाणी हिरवं आणि घट्ट दिसत होतं. व्यंकटनं कॅन बुडवला तेव्हा ते हललं, पण लाट काठापर्यंत आली नाही.

विजयश्रीनं हर्षिताला एका कोरड्या पायरीवर बसवलं. निळा फ्रॉक, डोक्यावर दोन शेंड्या. स्वतः ती वर उभी राहिली. मोबाईलमध्ये हर्षिता मधोमध आली, तिच्यामागं खाली उतरत गेलेल्या पायऱ्या, आणि तळाला पाणी.

"इकडं बघ, माय. हास की."

हर्षिता हसली. फोटो झाला. व्यंकट भरलेला कॅन घेऊन वर आला, जीप चालू झाली, आणि मंठाळला सगळे पोटभर जेवून संध्याकाळी परत फिरले.

सोमवारी दुपारी विजयश्री दुकानात बसली होती. व्यंकट फ्रेमच्या पट्ट्या आणायला बीदरला गेला होता. विजयश्रीचं शिक्षण सातवीपर्यंत, पण या कामात तिचा हात व्यंकटपेक्षा बरा होता. लोक सहलीचे फोटो घेऊन यायचे. गोवा, म्हैसूर, तिरुपती. "पेंटिंगवाणी करून द्या," म्हणायचे. ती मोबाईलमध्ये फोटो घ्यायची, आधी 'डाग काढा' दाबायची, मग फिल्टर लावायची. तैलरंग, जलरंग, जुनं राजवाडी चित्र, असले पन्नास प्रकार होते. झाडाची पानं मिटून तिथं रंगाचे फटकारे यायचे, माणसं कुणीतरी बसून काढल्यासारखी दिसायची. मग कॅनव्हासवर छापायचं आणि सोनेरी फ्रेम ठोकायची. आता वास्तुशांतीला औरादमध्ये देवाच्या तसबिरीपेक्षा हेच जास्त जायला लागलं होतं.

'डाग काढा' हे तर तिच्या बोटाला आपोआप सुचायचं. गिऱ्हाईक कोणीही असो, पहिलं म्हणणं तेच. ताई, तोंडावरचे डाग तेवढे काढा. हर्षिताचा फोटो उघडला तेव्हाही बोट तिथंच गेलं. गाल लख्ख झाले. तिनं फोटो जतन केला. जुन्यावरच नवा बसला, कारण फोनमध्ये जागा पुरत नाही म्हणून तिनंच तशी सवय लावून घेतली होती. आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर तो लख्ख फोटो टाकून दिला. 'आमची हर्षिता. कशी आलीय?'

मग तिनं तैलरंग लावला.

गोल फिरणारं चाक थांबलं आणि चित्र आलं. सुंदर आलं होतं. दगड मधाच्या रंगाचे, फ्रॉक मोरपंखी, पाणी गर्द. फक्त पाण्यात मधोमध एक काळा फटकारा पडला होता. गोल, आणि त्याच्या भोवती खाली पसरलेले बारीक बारीक फटकारे. कुणी गळ्यापर्यंत बुडून वर बघत असावं, आणि केस पाण्यावर मोकळे पसरावेत, तसं.

विजयश्रीनं फोटो उघडून पाहिला. पाणी रिकामं होतं.

फिल्टर कुठंही काहीही काढतंय, तिनं मनाशी म्हटलं. तिनं जलरंग लावला.

या वेळी पाणी मोकळं होतं. काळं सगळ्यात खालच्या पायरीवर होतं. उभं.

दुपारचा एक वाजला असेल. वीज गेली आणि पंखा थांबला. उन्हासाठी शटर अर्धं ओढलेलं होतं, त्यामुळं दुकानात मोबाईलचाच काय तो उजेड राहिला. हर्षिता खाली बसकरावर चुरमुरे निवडून खात होती. विजयश्रीनं तिसरा प्रकार लावला. मग चौथा. का लावला, हे तिला नंतर कधी सांगता आलं नाही. आता जाईल, आता जाईल, असं वाटत होतं म्हणून. तिसऱ्यात ती आकृती दुसऱ्या पायरीवर होती. चौथ्यात तिसऱ्या. आणि आता ती बाई आहे हे कळत होतं. हिरवट लुगडं अंगाला चिकटलेलं, हात दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले. तोंडाच्या जागी नुसता रंग ओढलेला होता, वरून खाली, एकाच फटकाऱ्यात.

"मम्मी," खालून हर्षिता म्हणाली. "बाई वल्ली हाय."

"कोण... कोण बाई?"

"पान्यातली." पोरगी चुरमुरा तोंडात टाकत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. मोबाईल टेबलावर उंच होता. तिला तो दिसतच नव्हता.

विजयश्रीनं तिला पटकन उचलून कडेवर घेतलं, आणि तिच्या कमरेला गार लागलं. हर्षिताचे दोन्ही तळपाय ओले होते. फरशी कोरडी, बसकर कोरडं. पायाला शेवाळाचा वास येत होता.

संध्याकाळी व्यंकट आला. त्यानं चारही चित्रं पाहिली, मोबाईल जवळ धरून, लांब धरून.

"आगं, हे यंत्र हाय," तो म्हणाला. "ह्याला जिथं तिथं तोंडच दिसतंय. उद्धवरावाच्या बैलाला चष्मा काढला व्हता का न्हाई ह्यानं?"

"बैलाचा चष्मा पायऱ्या चढत न्हवता."

व्यंकट हसायला गेला, पण हसला नाही. "दुसरा फोटो लाव अक्काला. ही चारी चित्रं काढून टाक."

तिनं चारही काढून टाकली. हर्षिताला मोजे घातले आणि मनातून विषय काढायचा ठरवलं. मांजरानं डोळे मिटून दूध प्यावं, तसं झालं ते.

मंगळवारी दुपारी कडगंचीहून अक्काचा फोन आला. आवाजात हौस होती.

"विजयश्री, कसला गोड फोटो टाकलीस गं. मी बी फिल्टर लावून बघितले, दोन. मला बी जमायलंय आता. पर मागं ती बाई कोण गं? मामाकडची हाय का?"

विजयश्रीचा हात टेबलावर तसाच राहिला. "अक्का... कितव्या पायरीवर हाय ती?"

"म्हंजे?"

"मोजा की. पाण्याकडून."

"थांब. एक, दोन, तीन..." अक्का मोजत राहिली. "पयल्या चित्रात चौथीवर. दुसऱ्यात पाचवीवर. कामून गं?"

म्हणजे फोन कुणाचाही असो, बाई एकच होती. जो कोणी फिल्टर लावेल, त्याच्या हातून ती एक पायरी वर यायची. विजयश्रीनं हर्षिताकडं पाहिलं. पोरगी दुकानाच्या कोपऱ्यात शांत बसली होती, नेहमीसारखी पळत नव्हती. विजयश्रीनं मोजे काढले. मोजे पिळले असते तर पाणी निघालं असतं. पाय घोट्यापर्यंत निळसर आणि गार पडले होते.

फिल्टर न लावलेल्या फोटोत हर्षिताच्या खाली नऊ पायऱ्या होत्या. तिनं त्या बोटानं मोजल्या. नऊ. दहावीवर हर्षिता.

तिनं ग्रुपवर लिहिलं, 'हर्षिताच्या फोटोला कुणी फिल्टर लावू नका. काढून टाका. हात जोडते.' त्यावर हसरी तोंडं आली. कुणी लिहिलं, दृष्ट लागंल म्हणून भ्यायली काय. बीदरच्या चुलत जावेनं आपलं चित्र टाकलं, त्यात बाई सहावीवर. उदगीरच्या एका भाच्यानं टाकलं, सातवी. त्यांना काही वावगं दिसतच नव्हतं. उलट लिहीत होते, मागच्या बाईमुळं चित्राला शोभा आली. भाच्यानं तर फोटो स्टेटसला ठेवला होता. तिथून तो कुणी कुणी घेतला, ते त्यालाही माहीत नव्हतं.

बुधवारी हर्षिताचे पाय गुडघ्यापर्यंत गार झाले. डॉक्टरांनी तपासलं. ताप नाही, सूज नाही, पोर नीट आहे म्हणाले, आणि टॉनिक लिहून दिलं. घरी आल्यावर हर्षिता एकाच जागी बसून राहिली. गुडघे जवळ, हात मांडीवर. फोटोतल्यासारखी.

नागूबाईनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्या तडतडल्या, काळ्या झाल्या. ठसका कुणालाच आला नाही. म्हातारी कितीतरी वेळ चुलीपुढं तशीच उकिडवी राहिली. मग उठून सुनेजवळ आली.

"त्यो फोटो दाव मला."

विजयश्रीनं मोबाईल पुढं केला. नागूबाईनं तो हातात घेतला, डोळे बारीक केले. बाई, पाणी, पायऱ्या, यांतलं काही तिनं पाहिलं नाही. ती फक्त नातीचं तोंड बघत होती.

"विजे," ती हळूच म्हणाली. "लेकराची तीट कुठाय?"

विजयश्रीला आधी कळलंच नाही. मग कळलं. 'डाग काढा'. सगळ्यांच्या तोंडावरचे डाग काढता काढता तिनं स्वतःच्या लेकीची तीट पुसली होती. आणि तो उघडा, लख्ख गाल साऱ्या गणगोताला वाटून दिला होता.

"मी... मीच पुसली, आत्याबाई."

नागूबाई ओरडली नाही. तिनं काजळाची डबी आणली आणि हर्षिताच्या गालावर ठिपका टेकवला. काजळ टेकलं आणि ओघळलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा ओघळलं. पावसात भिंतीवर काही लिहावं तसं. गाल ओलाच होता. आतून पाझरत असल्यासारखा.

"वल्ली बाई आली," हर्षिता म्हणाली. तिचा आवाज झोपेतल्यासारखा होता. "जवळ."

मोबाईल वाजला. ओळख नसलेला नंबर होता, कुणीतरी ग्रुपमधून नंबर घेतला असावा. 'ताई, तुमच्या मुलीच्या फोटोचं मी चित्र केलंय. आवडलं का?' त्यात बाई आठव्या पायरीवर होती. वाकलेली. आणि तिनं एक हात उचलला होता.

मध्ये एकच पायरी राहिली होती.

किती फोन, किती गावं. कुणाकुणाच्या पाया पडणार? आत्ताही कुठंतरी कुणीतरी तो फोटो उघडून, चला बघू कसा दिसतोय, म्हणत असेल. विजयश्री उठली. तिनं हर्षिताला नागूबाईच्या मांडीवर दिलं आणि भर उन्हात अनवाणी दुकानाकडं निघाली. व्यंकट कुलूप लावून जेवायला घरी येत होता, रस्त्यात भेटला. त्याच्या हातातली किल्ली तिनं घेतली.

"कुठं निघालीस? पायात चप्पल न्हाई."

"एक काम राहिलंय. तुम्ही तिच्यापशी बसा. पाय चोळत ऱ्हावा."

दुकानात पासपोर्ट फोटोसाठी एक पांढरा पडदा होता. त्याच्यापुढं तिनं स्टूल ठेवलं, मोबाईल समोर टेकवला आणि स्वतःचा फोटो काढला. अंगावर पिवळी साडी होती, पदर खांद्यावरून घेतलेला. मग ती कामाला बसली. या कामात तिचा हात बसलेला होता. मेलेल्या आजोबांना नातवाच्या लग्नाच्या फोटोत उभं करून दे, परदेशातल्या लेकाला घरच्यांशेजारी बसवून दे, असली कामं तिनं किती तरी केली होती. कडा कापायच्या, सावली जुळवायची, उन्हाचा रंग चढवायचा.

आधी तिनं हर्षिताच्या गालावर तीट काढली. मोठी, काळी. कपाळावर एक, तळपायावर एक. मग नवव्या पायरीवर, हर्षिता आणि पाण्याच्या मध्ये, तिनं स्वतःला बसवलं.

चित्र पुरं झालं होतं. तरी तिचं बोट थांबलं. मग तिनं स्वतःचा चेहरा मोठा केला आणि 'डाग काढा' दाबलं. हनुवटीवरचा तीळ गेला. कपाळावरची टिकली गेली. तोंड कोरं झालं, लहान लेकराच्या उघड्या गालासारखं.

"ये," ती म्हणाली. दुकानात कुणी नव्हतं. "इकडं ये."

तिनं तैलरंग लावला.

चाक फिरत राहिलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरलं. शटरच्या फटीतून येणारं ऊन तिच्या पायांवर पडत होतं, तरी पायांना गार लागत होतं. शेवाळाचा वास आला. आधी लांबून, मग इतक्या जवळून की तिनं श्वास धरून ठेवला. मान वळवायची नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं. डाव्या बाजूला स्टुलाशेजारी काहीतरी ठिबकत होतं. टप... टप... आणि मग थांबलं, कुणी बसल्यावर पदर गोळा करावा तसं.

चित्र आलं. हर्षिता दहाव्या पायरीवर हसत होती, तीट ठसठशीत. नववीवर पिवळ्या साडीतली विजयश्री. आणि तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, ती बाई. ती आता हर्षिताकडं बघत नव्हती.

विजयश्रीनं ते नवं चित्र आणि नवा फोटो ग्रुपवर टाकला. 'जुना काढा, हा ठेवा. आई-लेकीचा.' मग शटर ओढलं आणि घरी आली. दारातच हर्षिता पळत आली आणि तिच्या पायाला बिलगली. पाय गरम होते. गालावर काजळाचा ठिपका होता आणि तो ओघळलेला नव्हता.

नागूबाईनं सुनेच्या कपाळाकडं पाहिलं. टिकली होती, तीळही होता. पण म्हातारीनं तिच्या हाताला हात लावला आणि मागं घेतला.

"काय केलंस गं, पोरी?"

"तुमचंच ऐकलं, आत्याबाई," विजयश्री म्हणाली. "लेकराला एकटं बारवीत बसू दिलं न्हाई."

गुरुवार बरा गेला. हर्षितानं दूध सांडलं, मांजराची शेपटी ओढली, भातासाठी रडली. इतकं बरं वाटलं विजयश्रीला की ती एकदाही रागावली नाही. फक्त तिचे स्वतःचे तळवे दुपारी गार व्हायचे. चुलीपुढं बसून ती ते शेकायची. व्यंकट विचारायचा तेव्हा, ओलं काम केलंय, म्हणायची.

शुक्रवारी दुपारी दुकानात भालकीकडचे किशनराव आले. किराणा व्यापारी, वय झालेलं, हातात मोबाईल. काउंटरवर व्यंकट होता, विजयश्री मागं कॅनव्हास ताणत होती.

"लेकाच्या घरभरणीला द्यायचंय," किशनराव म्हणाले. "आमच्या ग्रुपावर आलंय. कुणी काढलंय देव जाणे, पर लई जिवंत उतरलंय. मोठ्यात मोठी फ्रेम घाला."

व्यंकटनं मोबाईल हातात घेतला. त्याची पाठ ताठ झाली. त्यानं मोबाईल मागं बायकोकडं दिला.

तीच बारव होती. कुणीतरी नवाच फिल्टर लावला होता, सोनेरी, जुन्या राजवाड्यातल्या चित्रासारखा. वर दहाव्या पायरीवर हर्षिता हसत बसली होती. एकटी, कोरडी, नीट. विजयश्रीनं तिच्यावर हळूच बोट फिरवलं. मग नजर खाली नेली. नववीवर कुणी नव्हतं. आठवीवर कुणी नव्हतं. खाली, पाण्याकडं तोंड करून, दोन बाया उतरत होत्या. हात हातात घेऊन. त्यांच्या पुढं दोन पायऱ्या होत्या, आणि मग पाणी.

"मला एक कळंना," किशनराव काउंटरवर रेलून म्हणाले. "ह्यात कोण कुणाला वढून न्यायलंय म्हणायचं, अम्मा?"

विजयश्रीनं चित्र मोठं केलं. मागची बाई हिरवी होती. पाय पायरीवर रोवून, अंग मागं टाकून ती थांबू बघत होती. पिवळी साडी पुढं होती. हात तिनं घट्ट धरला होता आणि ती न थांबता उतरत होती.

विजयश्रीनं स्वतःच्या उजव्या हाताकडं पाहिलं. मुठीत काही नव्हतं. पण मूठ तिला उघडता येत नव्हती.

तर हे सांगायचं एवढ्यासाठी. दगडी बारव, पायऱ्यांवर निळ्या फ्रॉकमधली पोर आणि पिवळ्या साडीतली बाई, असा फोटो तुमच्याकडं आला, तर बघा आणि काढून टाका. कितीही हौस वाटली तरी त्याला फिल्टर लावू नका; आता दर फिल्टरला ती एक पायरी खाली उतरते. ज्यानं पाठवला त्याला सांगा, आणि तुम्ही पुढं पाठवला असेल तर त्यांनाही आजच सांगा. ग्रुपात लिहा, फोन करा, बाजारात भेटतील तिथं सांगा. औरादमध्ये एका लेकराची आई पाण्यापासून दोनच पायऱ्या वर उभी आहे.